चार पिवळ्या, मग एक लाल

मी ओरडते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तक्रार करायला नको. मुलींच्या सुधारगृहात दिवसपाळीची काळजीवाहक म्हणून मला बावीस वर्षं झाली. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून मी हाक मारली की तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरातला नळ बंद होतो. मुली मला तोंडावर मावशी म्हणतात आणि पाठीमागे भोंगा. दोन्ही मला ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या नावाचा मला थोडा अभिमानच होता.

आमच्याकडे अठरा मुली. सगळ्यात धाकटी तेरा वर्षांची, थोरली सतरा पूर्ण. कुणी चोरी केलेली, कुणी कुणाचं डोकं फोडलेलं, कुणी भलत्याच्या नादी लागून भलतंच काही इकडून तिकडे पोचवलेलं. कोर्ट पाठवतं, आम्ही सांभाळतो, आणि दर महिन्याच्या दहा तारखेला समिती बसते ती ठरवते, कोण घरी जाणार आणि कोण राहणार. मागचे साहेब होते तोवर आमचा कारभार सोपा होता. एक काळी वही होती. मुलीने काही उद्योग केला की वहीत नोंद, तीन नोंदी झाल्या की टीव्ही बंद, पाच झाल्या की घरच्यांची भेट बंद. त्या वहीतलं निम्म्याहून जास्त अक्षर माझं होतं.

मग नव्या मॅडम आल्या. वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या, आवाज इतका हळू की पहिल्या दिवशी मला वाटलं यांचा घसा बसलाय. त्यांनी काळी वही कपाटात घालून कुलूप लावलं आणि आम्हा सहाजणींच्या हातात एकेक पिवळ्या चिठ्ठ्यांचं पॅड ठेवलं. मुलीने काही चांगलं केलं की काय केलं, कुठे, किती वाजता, ते चिठ्ठीवर लिहायचं, खाली सही करायची आणि जेवणघराबाहेरच्या पेटीत टाकायची. शनिवारी चहानंतर मॅडम सगळ्यांसमोर वाचून दाखवणार. चुकीसाठी लाल चिठ्ठ्या होत्या, पण एखादीच्या नावाने लाल लिहायची तर आधी तिच्याच नावाने आपण स्वतः चार पिवळ्या लिहिलेल्या हव्यात. ओरडायलाही हाच नियम. चार पिवळ्या, मग एक ओरडा.

मी विचारलं, मुलगी खिडकीतून उडी टाकत असेल तर आधी चार चिठ्ठ्या लिहीत बसू का. त्या म्हणाल्या, तेव्हा हात धरा, चिठ्ठीचं नंतर बघू. या बाईला राग म्हणून येत नव्हता, आणि तेच मला जास्त झोंबलं.

शेवटचा नियम तर माझ्या मुळावरच आला. पिवळ्या चिठ्ठीत ‘नाही’ हा शब्द चालणार नव्हता. मी पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने तीन चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. ‘आज शिवी दिली नाही.’ ‘ताट आपटलं नाही.’ ‘कुणाचे केस ओढले नाहीत.’ तिन्ही परत आल्या. मॅडमचं म्हणणं, मुलीने काय केलं नाही ते नको, काय केलं ते लिहा. मग मी लिहिलं, ‘गप्प बसली.’ मॅडमनी विचारलं, गप्प बसली म्हणजे नेमकं काय केलं? मी म्हटलं, काहीच केलं नाही, तेच तर चांगलं. तीही परत आली. दोन दिवस डोकं खाजवल्यावर मी लिहिलं, ‘ओठावर आलेली शिवी गिळली. जेवणघर, दुपारी साडेबारा.’ ही मात्र मॅडमना इतकी आवडली की त्यांनी ती भिंतीवर लावली.

सवय व्हावी म्हणून मी घरी नवऱ्यावर प्रयोग केला. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात आणि स्वतःचा चष्मा रोज हरवतात. मी म्हटलं, तुम्ही आज चष्मा जागेवर ठेवलात, बरं वाटलं. ते घाबरून माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, डॉक्टरांनी तुला काही सांगितलंय का?

पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. दुसऱ्या आठवड्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला की चार पिवळ्या म्हणजे एक ओरडा, तर आधी पिवळ्या साठवाव्यात आणि मग पोटभर ओरडावं. मी सकाळपासून पॅड घेऊन मुलींच्या मागे लागले. हिने चप्पल रांगेत ठेवली, लिहा. हिने नळ बंद केला, लिहा. मुलींना माझा डाव कळायला दोन दिवस लागले नाहीत. आमच्यातली सगळ्यात दांडगी मुलगी, जिला सगळ्या वाघीण म्हणतात, ती एकदा स्वतःहून येऊन म्हणाली, “मावशी, मी पायपुसणं झटकलंय. लिहून ठेवा, उद्या मला तुमच्याकडून एक ओरडा खायचाय.” दुसऱ्या दिवशी तिने खरोखरच बादली लाथाडली आणि हात बांधून माझ्यासमोर उभी राहिली. मी ओरडले, पण ओरडण्यातली सगळी मजा गेली होती.

आता ‘सही’बद्दल सांगते.

सही म्हणजे सोळा वर्षांची काटकुळी मुलगी. डोळे सतत खाली, हात सतत काहीतरी गिरवत. ती आमच्याकडे आली ती सह्यांपायीच. आधी शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर आयांच्या सह्या, मग मुख्याध्यापकांची, मग डॉक्टरांची. शेवटी तिने एका कारखान्यातल्या चाळीस जणांना एकाच दिवशी एकाच आजाराचे दाखले करून दिले, त्या दिवशी कसलासा मोठा सामना होता म्हणून. सह्या इतक्या हुबेहूब की डॉक्टरांनीही आधी आपल्याच म्हणून सांगितलं. चाळिसांत एक बाई होती आणि तिलाही पुरुषांचा आजार लागला, तिथे घोडं अडलं आणि ती सापडली.

माझं आणि तिचं वाकडं होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. मॅडम येऊन महिना झाला असेल. मी सकाळी नेहमीसारखी कामावर आले तर फाटकावरचा चौकीदार म्हणाला, मावशी, तुम्ही आज कशा? तुम्ही तर रजेवर आहात. माझ्या नावाचा रजेचा अर्ज, माझ्या सहीसकट, मॅडमच्या टेबलावर होता आणि मंजूर झाला होता. सही बघून मीच चक्रावले. माझ्या सहीच्या शेवटी एक शेपूट येतं, पेन उचलायचा कंटाळा केला की येतं तसं. ते शेपूटसुद्धा जिथल्या तिथे होतं. माझा नुसता तिळपापड झाला. मी तिला विचारलं तर तिने कानावर हात ठेवले. पुरावा काही नव्हता, पण मला पुराव्याची गरजही नव्हती.

त्या दिवसापासून मला तिच्या नावाने एक लाल चिठ्ठी लिहायची होती. पण लाल लिहायची तर आधी चार पिवळ्या, आणि तिच्या नावाने पिवळी लिहिण्यापेक्षा मी पॅड खाल्लं असतं. म्हणून पिवळी नाही आणि लालही नाही. अठरातल्या सतरा मुलींच्या नावाने माझ्या चिठ्ठ्या पडत, हिच्या नावाने एकही पडत नसे. तिला ते कळत होतं आणि मलाही.

मग एका शनिवारी मॅडम पेटी उघडून वाचू लागल्या. “चिमणीने सकाळी सहाला, सगळ्यांच्या आधी उठून आपली चादर स्वतः धुतली आणि गच्चीवर वाळत घातली. आज सलग चौथा दिवस. सही, मावशी.” चिमणी म्हणजे आमची तेरा वर्षांची. तिची चादर ओली का होते ते सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कुणी हसण्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. चिमणी वळून माझ्याकडे बघत राहिली. चपला आणि नळापलीकडची तिच्या नावाची ही पहिलीच पिवळी होती.

आणि ती मी लिहिलेली नव्हती.

मॅडमनी पुढची वाचली. “वाघिणीला भांडण करायची खूप इच्छा झाली. तिने दोन्ही हात खिशात घातले, बाहेर गेली आणि जिन्याच्या पायऱ्या मोजून परत आली. मंगळवार, दुपारी चार. सही, मावशी.” वाघिणीचे कान लाल झाले. मी आ वासून बसले होते. ही पायऱ्यांची भानगड मला ठाऊकच नव्हती, आणि चिमणी गच्चीवर जाते हेही नव्हतं. सहा वाजता मी त्याच जिन्याने वर येते.

खरं म्हणजे तिथल्या तिथे उभं राहून सांगायला हवं होतं, मॅडम, ही सही माझी नाही. पण चिमणी चहाचा पेला घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. मॅडमनी सगळ्यांसमोर म्हटलं की मावशींची नजर फार बारीक आहे. बावीस वर्षांत माझ्या आवाजाबद्दल पुष्कळ जण बोलले होते, नजरेबद्दल कुणी बोललं नव्हतं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले आणि मूग गिळून बसले.

पुढचे तीन शनिवार हेच चाललं. पहिल्या दोन धरून माझ्या नावाने अशा अकरा चिठ्ठ्या निघाल्या आणि एकीपेक्षा एक सरस. शिवणवर्गात एकीने चुकलेली शिवण गुपचूप उसवली आणि पुन्हा घातली. दुसरीने आपल्या आईचा फोन आला नाही तेव्हा आपली फोनची वेळ मैत्रिणीला दिली आणि तिच्या आईला नमस्कार सांगितला. माझ्या स्वतःच्या चिठ्ठ्याही त्यात असत, ‘चप्पल रांगेत ठेवली’ वगैरे, पण त्या अकरांपुढे त्या अगदीच मिळमिळीत वाटत. मुली माझ्याशी बोलायला लागल्या. मॅडमनी माझ्याही नावाची एक पिवळी लिहिली आणि ती मी घरी नेऊन ह्यांना दोनदा वाचून दाखवली. कोण लिहितंय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. शेपूट बघून कळलं होतं.

समितीच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. सहीची थोरली बहीण होती, ती कपडे शिवायची. आईबाप कधीचे दुरावलेले, ही बहीणच काय ती तिची. तिचं दुकान वीस तारखेला दुसऱ्या शहरात जाणार होतं आणि ती सहीला बरोबर न्यायला तयार होती. या दहाला हुकूम झाला तर सही तिच्याबरोबर जाईल. नाही झाला तर इथे घ्यायला येणारं कुणी उरणार नाही, कागदपत्रं त्या शहरात हलवायला दोन वर्षं लागतील, आणि तोवर ती अठरा पूर्ण करेल इथेच. मॅडम म्हणाल्या, तिच्या नावाने शिवणवर्गाच्या बाईंच्या चिठ्ठ्या आहेत, स्वयंपाकीणबाईंच्या आहेत, माझ्या आहेत. तुमची एकही नाही. दिवसभर मुलींबरोबर तुम्ही असता, समिती आधी तुमचंच बघते. आणि एवढं छान लिहिणाऱ्या मावशींना या एकाच मुलीत काही दिसलं नाही, याचा अर्थ समिती काय काढेल?

मी म्हटलं, बघते. आणि बाहेर येऊन स्वतःवरच चडफडले.

दुपारी मी तिला चादरींच्या खोलीत बोलावलं. तिथे चारी भिंतींना फळ्या आहेत, धुतलेल्या चादरींचा वास असतो आणि दार लोटलं की आवाज बाहेर जात नाही, म्हणजे माझाही फार जात नाही. अकराही चिठ्ठ्या मी मॅडमच्या फाइलीतून आणल्या होत्या. त्या तिच्यासमोर मांडल्या. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पहिल्यांदाच कानावर हात ठेवले नाहीत.

मी आधी रजेचं विचारलं. ती म्हणाली, “तुम्हाला आदल्या दिवशी ताप होता. घसा बसला होता तरी तुम्ही ओरडतच होतात. म्हटलं एक दिवस झोपाल.” मग म्हणाली, “आणि आम्हालाही एक दिवस शांतता पाहिजे होती. दोन्ही.”

ताप होता हे खरं होतं. ह्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

मग मी मुद्द्याचं विचारलं. अकरा चिठ्ठ्या माझ्या नावाने लिहिल्यास, त्यात एकही स्वतःसाठी का लिहिली नाहीस? तुला ठाऊक होतं की माझ्या एका चिठ्ठीवाचून तुझं घोडं अडणार आहे.

ती हसली, म्हणजे ओठाचा एक कोपरा वर गेला. “मावशी, खोटं पटण्यासारखं असावं लागतं. तुम्ही माझ्याबद्दल चांगलं लिहाल, हे कुणाला पटलं असतं?”

मी तिला जा म्हटलं आणि चादरींच्या ढिगावर बसून राहिले. मला लाज वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण रागही तेवढाच आला होता. खोटी सही ती खोटी सही. उद्या मी मूग गिळून तिला जाऊ दिलं, तर ती बाहेर जाईल ती आपला हात अजून चालतो हे शिकून, आणि सहा महिन्यांत पुन्हा चाळीस जणांना आजारी पाडेल. लाल चिठ्ठी तिला मिळायलाच हवी होती, आणि लाल लिहायची तर आधी चार पिवळ्या लिहायला हव्या होत्या, नियमाप्रमाणे.

मी पॅड घेऊन निघाले आणि एकेक चिठ्ठी खरी की खोटी ते तपासत सगळ्या मुलींना भेटले. चिमणीला विचारलं, तू खरंच चार दिवस चादर धुतलीस? ती म्हणाली, हो, आणि गरम पाण्याची पहिली बादली सहीताई मला देते, ती स्वतः गार पाण्याने आंघोळ करते. वाघिणीला विचारलं, पायऱ्यांचं काय? ती खाली बघत म्हणाली, ते सहीनेच शिकवलं, आणि पहिल्या वेळी ती बरोबर मोजायला आली, पायऱ्या एकोणचाळीस आहेत. शिवण उसवणारी म्हणाली, मी रडत होते तेव्हा तिने मला हसवलं, बाईंच्या सहीची नक्कल करून दाखवली आणि लगेच कागद फाडून टाकला. अकराच्या अकरा खऱ्या निघाल्या. तारीख, वेळ, ठिकाण, सगळं.

संध्याकाळी मी कचेरीतल्या टेबलाशी बसले. पहिली पिवळी लिहिली, गरम पाण्याची. दुसरी पायऱ्यांची. तिसरी फाडलेल्या कागदाची. चौथी काही केल्या सुचेना. तिने चहा वेळेवर प्याला, चप्पल रांगेत ठेवली, असलं काही लिहायला हात धजेना. चौकीदार दोनदा येऊन विचारून गेला, मावशी, घरी जायचं नाही का. मग माझ्या लक्षात आलं की चौथी तर समोरच पडली होती, अकरा वेळा. मी लिहिलं, ‘माझ्या नावाने अकरा मुलींबद्दल लिहिलं. मला न दिसलेलं तिने पाहिलं. अकराही मजकूर खरे.’ खाली सही केली, शेपटासकट. मग लाल पॅड ओढलं आणि लिहिलं, ‘माझ्या नावाने अकरा खोट्या सह्या केल्या.’ दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. गुन्हा एकच होता आणि चिठ्ठ्या दोन निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. मध्ये अध्यक्षबाई, कधीकाळी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही तसंच बघायच्या. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला सगळं लिहून घेणारे एक बारीक गृहस्थ. बाकावर सहीची बहीण बसली होती, गळ्यात मापाची टेप तशीच, दुकानातून धावत आली होती. सही तिच्या शेजारी, हात मांड्यांखाली दाबून.

अध्यक्षबाईंनी चारही पिवळ्या मोठ्याने वाचल्या आणि मग लाल वाचली. बहिणीने डोळे मिटून घेतले. सहीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला वाटलं, आपण घोडचूक केली. बाईंनी चष्मा काढला आणि मला विचारलं, या अकरा चिठ्ठ्या तुमच्या नाहीत हे तुम्हाला कधी कळलं?

“पहिल्याच दिवशी,” मी म्हटलं.

“म्हणजे महिनाभर वाहवा तुम्ही घेतलीत.”

“हो.”

“आवडली?”

“खूप,” मी म्हटलं. खोटं बोलून काय उपयोग होता. डॉक्टरांना हसू आवरेना आणि त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं.

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ही मुलगी इथे ज्यासाठी आली तेच तिने इथे बसून अकरा वेळा केलं. तुम्हीच सांगा, काय करायचं? मी रात्रभर यावर विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी झोपले होते. जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, बाई, हात चांगला आहे आणि डोळा त्याहून चांगला आहे. डोळा तिने दुसऱ्यांसाठी वापरला. आता हात तिला स्वतःच्या नावाने वापरायला लावा. बहिणीकडे जाऊ द्या आणि दर शनिवारी मला एक पिवळी चिठ्ठी पाठवायला सांगा, त्या शहरात तिने काय चांगलं पाहिलं त्याची. चुकली तर तुम्हाला कळवायची जबाबदारी माझी, आणि मी कळवते हे तुम्ही आत्ताच बघितलंत. खाली सही तिची स्वतःची पाहिजे.

तिघांनी डोकी एकत्र आणली. पाच मिनिटं असतील, पण बहिणीने तेवढ्यात टेप बोटाला गुंडाळून बोट निळं करून घेतलं. मग बाईंनी हुकुमावर लिहिलं, बहिणीच्या ताब्यात, सहा महिने देखरेखीखाली, दर आठवड्याला चिठ्ठी. बहीण रडायला लागली. बारीक गृहस्थांनी हमीपत्र सहीसमोर सरकवलं, पेन दिलं आणि बोटाने जागा दाखवली.

तिने पेन घेतलं. टोक कागदाला टेकवलं आणि तशीच थांबली. आम्ही सगळे बघत होतो. बारीक गृहस्थ म्हणाले, इथे, इथे करायची. ती हलेना. मला वाटलं, एवढं होऊन आता ही नाही म्हणते की काय. कोपऱ्यात बसलेल्या मॅडमनी फाइल चाळली आणि त्यांच्या लक्षात आलं. आत येताना तिने अंगठा दिला होता, सही करणार नाही म्हणून हटून. कोर्टातही अंगठाच होता. सगळ्या फाइलीत तिची सही म्हणून कुठे नव्हती.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. चादरींच्या खोलीत मी चिठ्ठ्या समोर मांडल्या तेव्हासुद्धा ती इतकी कावरीबावरी दिसली नव्हती.

“मावशी,” ती हळूच म्हणाली, “माझी मला येत नाही.”

मी उठून तिच्या शेजारी गेले. म्हटलं, मग नाव लिही. नुसतं नाव, जसं येईल तसं, सावकाश.

तिने पहिलं अक्षर काढलं, मोठं आणि वाकडं, पहिलीतल्या मुलाचं असावं तसं. जिच्या हाताने डॉक्टरांना फसवलं होतं ती एकेक रेघ जपून ओढत होती. टेबलाला एक पाय आखूड होता आणि तिने जोर दिला की कागद सरकायचा. मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तिचं पुरं नाव लिहून होईपर्यंत धरून ठेवला.